मधुमेही गर्भिणी आणि विषाणुसंसर्ग : संज्ञा व सूचना यांचा विचार

मधुमेही स्त्री गर्भवती असताना तिला विषाणुजन्य ज्वर येणे, या एका घटनेत तीन भिन्न अवस्था एकत्र आलेल्या असतात. त्यांपैकी गर्भावस्था हा रोग नव्हे. मधुमेह हा दीर्घकाळ सोबत करणारा विकार होय. आणि विषाणुसंसर्ग हा बहुधा आठपंधरा दिवसांचा पाहुणा. प्रत्येकीचा स्वतंत्र विचार करणारे वैद्यकीय ग्रंथ विपुल आहेत. तथापि रोगिणीला जे सांगितले जाते ते ग्रंथातून नव्हे, तर बोलभाषेतील चारदोन वाक्यांतून. आणि प्रस्तुत प्रसंगी मराठीतील काही शब्द, किंबहुना एखाददुसरा प्रत्ययदेखील, आपल्या संदिग्धतेमुळे प्रकृतीवर प्रत्यक्ष परिणाम घडवू शकतो. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयाकडे वळण्याचे प्रयोजन एवढेच आहे.

प्रथम ‘गर्भिणीचा मधुमेह’ हा प्रयोग घेऊ. षष्ठी ही संबंध दाखविणारी विभक्ती. परंतु तो संबंध कोणता, हे ती सांगत नाही. त्यामुळे या दोन शब्दांत दोन अगदी निराळ्या स्त्रिया दडून राहतात. एक स्त्री अशी, की जिला मधुमेह आधीपासूनच आहे आणि ती आता गर्भवती झाली आहे. दुसरी अशी, की जिच्या रक्तातील शर्करा गर्भधारणेपूर्वी स्वाभाविक होती व गर्भावस्थेच्या उत्तरार्धात वाढली. पहिलीच्या बाबतीत धोक्याचा काळ गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतो, कारण गर्भाचे हृदय, पृष्ठरज्जू इत्यादी अवयव त्याच काळात घडतात आणि वाढलेली रक्तशर्करा त्या घडणीत बिघाड करू शकते. दुसरीच्या बाबतीत अवयवांची घडण पूर्ण झालेली असते. तेथे प्रश्न उरतो तो गर्भाच्या अतिरिक्त वाढीचा, प्रसूतीतील अडचणींचा आणि जन्मानंतर बालकाची शर्करा एकाएकी उतरण्याचा.

या भेदासाठी मराठीत ‘पूर्वसिद्ध मधुमेह’ आणि ‘गर्भकालीन मधुमेह’ अशी जोडी वापरणे सोयीचे आहे. काही ठिकाणी ‘गर्भजन्य मधुमेह’ असाही शब्द आढळतो; तो टाळावा. ‘गर्भजन्य’ हा शब्द कारण सांगतो, ‘गर्भकालीन’ हा केवळ काळ सांगतो. गर्भावस्थेत प्रथम आढळलेला प्रत्येक मधुमेह गर्भावस्थेमुळेच झालेला असतो असे नाही. कित्येकींना तो आधीपासून असतो, केवळ तपासणी झालेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली नेमका हाच भेद आपल्या निकषांत आणला आणि गर्भावस्थेत प्रथम आढळणाऱ्या शर्करावृद्धीचे दोन स्वतंत्र वर्ग केले. भारतात केंद्र शासनाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून २०१८ मध्ये त्या सुधारल्या. त्यांनुसार गर्भिणीने ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यावयाचे आणि दोन तासांनी रक्तशर्करा १०० मिलिलिटरमागे १४० मिलिग्रॅम वा अधिक भरल्यास निदान निश्चित करावयाचे. या चाचणीसाठी उपाशीपोटी येण्याचे बंधन नाही. चेन्नईच्या डॉ. वी. शेषय्या यांनी या पद्धतीचा दीर्घकाळ पुरस्कार केला. काटेकोर प्रयोगशास्त्राच्या दृष्टीने तीवर आक्षेप घेतले गेले आहेत. परंतु पहाटेच्या एस्. टी.ने दोन तास प्रवास करून येणाऱ्या स्त्रीला ‘उद्या उपाशी या’ म्हणून परत पाठविणे म्हणजे बहुधा तिला कायमचे परत पाठविणे होय, हे ज्यांनी ओळखले त्यांचे व्यवहारज्ञान मान्य केले पाहिजे.

मधुमेह हा शब्द मात्र आपल्याकडे भाषांतराने आलेला नाही. चरक व सुश्रुत यांनी प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले असून त्यांतील वातज प्रकारांत मधुर मूत्राच्या या प्रकाराची गणना आहे. सुश्रुतात त्यालाच क्षौद्रमेह असे नाव आढळते. मूत्राला मुंग्या लागण्याचे निरीक्षणही जुनेच आहे. नवीन आहे ती मधुमेही स्त्री सुखरूप प्रसूत होण्याची शक्यता. १९२१ साली टोरोंटो येथे इन्सुलिनचा शोध लागून १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम रुग्णाला टोचले गेले. तत्पूर्वी तीव्र मधुमेह असलेल्या तरुण स्त्रीला गर्भ राहणेच दुर्मीळ होते, आणि राहिल्यास माता व गर्भ दोघांच्याही जिवावर बेतत असे. बॉस्टनच्या प्रिसिला व्हाइट यांनी १९४९ मध्ये अशा गर्भिणींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, तेव्हा या स्त्रिया वर्गीकरण करण्याइतक्या संख्येने जगू लागल्या होत्या असाच त्याचा अर्थ होतो.

आता विषाणू या शब्दाकडे वळू. लॅटिनमधील ‘व्हायरस’ या शब्दाचा अर्थ चिकट द्रव, विष असा होता. आणि तो संस्कृतातील ‘विष’ या शब्दाचा सगोत्र आहे. तेव्हा ‘विषाणू’ हा शब्द घडविणाऱ्याने हेतुपुरस्सर असो वा योगायोगाने असो, परक्या शब्दाला त्याच्या भारतीय भावंडाशेजारीच नेऊन बसविले. दुर्दैवाने बोलभाषेत हा शब्द ‘जीवाणू’ आणि सर्वसंग्राहक ‘जंतू’ यांच्यापासून पुरेसा विलग झालेला नाही. ‘जंतू झाले आहेत’ म्हटले की ‘जंतुनाशक गोळ्या’ हव्यात असा निष्कर्ष ओघानेच येतो, आणि विषाणूवर ज्यांचा काडीमात्र परिणाम होत नाही अशी प्रतिजैविके घेतली जातात. गंमत अशी, की प्रतिबंधासाठी आपण वापरतो तो ‘लस’ हा शब्दही मूळचा चिकट स्रावाचाच वाचक आहे. व्रणातून पाझरते ती लस. म्हणजे रोगकारक आणि रोगप्रतिबंधक या दोहोंची नावे अर्थाच्या एकाच डबक्यातून निघालेली आहेत.

विषाणुसंसर्ग गर्भिणीला अधिक बाधतो, याचे कारण विचारल्यास ‘प्रतिकारशक्ती कमी झालेली असते’ असे ठरावीक उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे. गर्भावस्थेत प्रतिकारशक्ती सरसकट घटत नाही. निम्मी आनुवंशिक सामग्री पित्याकडून आलेल्या गर्भाला शरीराने परका मानून नाकारू नये, यासाठी तिची मांडणी बदलते. काही विषाणूंविरुद्धचा प्रतिसाद त्यामुळे मंदावतो, तर काही प्रसंगी दाह उलट अधिक भडकतो. याखेरीज एक निव्वळ यांत्रिक कारण आहे. वाढणारे गर्भाशय श्वासपटल वर ढकलते, श्वास सोडल्यानंतर फुप्फुसांत शिल्लक राहणारा हवेचा साठा घटतो, आणि प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. फुप्फुसाचा थोडा भाग निकामी झाला तरी अशा स्त्रीला धाप लागते. मधुमेहामुळे यात आणखी भर पडते. दीर्घकाळ वाढलेल्या शर्करेने रक्तातील श्वेतपेशींची कार्यक्षमता खालावते, आणि विषाणूने वाट मोकळी केल्यावर मागून येणाऱ्या जीवाणूंना फुप्फुसांत बस्तान बसविणे सुलभ होते.

तथापि खरा घात बहुधा फुप्फुसांत नव्हे, तर चयापचयात होतो, आणि याच ठिकाणी भाषेचा प्रश्न निकडीचा होतो.

गर्भावस्थेच्या उत्तरार्धात अपरेतून स्रवणारी संप्रेरके इन्सुलिनच्या कार्याला विरोध करीत असतात. गर्भाकडे शर्करेचा ओघ चालू राहावा म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज होय. निरोगी स्त्रीचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करून हा विरोध भरून काढते. मधुमेही स्त्रीचे स्वादुपिंड ते करू शकत नाही. अशा अवस्थेत ज्वर आला की शरीर कॉर्टिसॉल, अॅड्रिनलिन इत्यादी संप्रेरके मुक्त करते, आणि तीही इन्सुलिनच्या विरोधी. यकृत आपल्या साठ्यातून व नवनिर्मितीतून रक्तात शर्करा सोडू लागते. पोटात अन्नाचा कण नसतानाही रक्तशर्करा वाढते ती अशी. परंतु आपल्याकडे खाण्याची साखर आणि रक्तातील शर्करा या दोहोंना व्यवहारात एकच शब्द आहे. ‘त्यांना साखर आहे’, ‘साखर वाढली’, ‘साखर सोडली’ ही वाक्ये एकाच घरात, एकाच तोंडून निघतात. त्यामुळे तापाने फणफणलेल्या सुनेने दोन दिवस काही खाल्ले नाही, तर ‘पोटात काही नाही, मग साखर वाढणार कोठून?’ हा सासूचा प्रश्न मराठी भाषेच्या अंगाने पूर्णपणे तर्कशुद्ध असतो. चूक आहे ती शब्दाची. ‘रक्तशर्करा’ हा संस्कृत शब्द या ठिकाणी पांडित्याचा नसून गरजेचा आहे, कारण तो त्या दोन वस्तू निदान वेगळ्या ठेवतो.

याहून धोकादायक आहे तो एक कृदंत प्रत्यय. इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीला ‘जेवल्यावर घ्या’ किंवा ‘जेवणाआधी घ्या’ असे सांगण्याचा प्रघात आहे. व्याकरणदृष्ट्या ‘-ल्यावर’ हा प्रत्यय कालक्रम दर्शवितो. आधी जेवण, नंतर सुई. परंतु मराठीत, आणि आणखीही कित्येक भाषांत, कालक्रमाची रचना अटीचा अर्थ सहज धारण करते. ‘पगार झाल्यावर पैसे देईन’ या वाक्यात पगार न झाल्यास पैसे मिळणार नाहीत, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्याच न्यायाने ‘जेवल्यावर घ्या’ याचा अर्थ ‘जेवलात तरच घ्या’ असा होतो. ‘जेवणाआधी घ्या’ या सूचनेचेही तसेच. जेवणच नाही, तेव्हा त्याच्या आधीचा प्रसंगही नाही. ज्वर आहे, उलट्या होत आहेत, अन्न जात नाही. म्हणून सुई टोचली नाही. रोगिणीने सूचनेचा भंग केलेला नसतो. तिने ती अक्षरशः पाळलेली असते.

परिणाम काय होतो? इन्सुलिनच्या अभावी पेशींना शर्करा वापरता येत नाही. शरीर चरबी जाळू लागते आणि तीतून किटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये तयार होतात. उपवासात किटोन निर्माण होण्याची क्रिया गर्भिणीत इतरांपेक्षा लवकर सुरू होते. नॉर्बर्ट फ्रेंकेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिला शीघ्र उपासमारीची अवस्था असे सार्थ नाव दिले. शिवाय गर्भावस्थेत श्वसन किंचित जलद असल्यामुळे रक्तातील बायकार्बोनेटचा साठा आधीच उतरलेला असतो आणि आम्ल निष्प्रभ करण्याची शक्ती तितकी कमी असते. म्हणून गर्भिणीत किटोनजन्य आम्लता थोड्या अवधीत उद्भवते, आणि रक्तशर्करा २०० मिलिग्रॅमच्या आत असतानाही उद्भवू शकते. घरच्या यंत्रावर १८० हा आकडा पाहून निश्चिंत होणे त्यामुळे योग्य नव्हे. उलट्या व ज्वर असताना किटोनची तपासणी करावी लागते. आम्लतेचा प्रसंग मातेवर येतो, परंतु गर्भ त्यातून वाचेलच असे नाही.

तेव्हा सूचना कशी असावी? ‘औषध कधीही बंद करू नका’ असे म्हणून भागत नाही. दीर्घकाळ कार्य करणारे इन्सुलिन आजारपणात खंडित करावयाचे नसते, ज्वरात बहुधा त्याची मात्रा वाढवावीच लागते. जेवणाशी जोडलेल्या इन्सुलिनची मात्रा वैद्याच्या सल्ल्याने बदलावयाची असते. आणि मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू असल्यास, उलट्याजुलाबांनी शरीरातील पाणी घटले असता त्या मात्र तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. एकाच ‘औषध’ या शब्दाखाली परस्परविरोधी वर्तनाची ही तीन द्रव्ये वावरतात. सूचनेत प्रत्येकाचे नाव पाहिजे, आणि तिच्यात ‘जेवण गेले नाही तरीसुद्धा’ हे शब्द उघड उच्चारलेले पाहिजेत. मराठीतील ‘तरीसुद्धा’ हे अव्यय अटीचा गैरसमज जितक्या निःसंदिग्धपणे मोडून काढते तितके दुसरे काहीच करीत नाही. तापात लंघन हितकर, ही पिढ्यानुपिढ्यांची समजूत प्रतिपक्षी असताना एवढी खबरदारी अवश्य आहे.

कोविडच्या साथीत या गुंतागुंतीत आणखी एक धागा मिसळला. २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीवदान मिळते असे सिद्ध झाले. स्टेरॉइडने रक्तशर्करा वाढते हे सर्वश्रुत आहे. अकाली प्रसूतीच्या संभवात गर्भाची फुप्फुसे परिपक्व व्हावीत म्हणूनही मातेला स्टेरॉइड देतात. लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिलेला हा उपचार आहे. म्हणजे मधुमेही गर्भिणीला श्वास मिळावा म्हणून, अथवा बालकाला श्वास घेता यावा म्हणून, जे द्यावयाचे त्यानेच तिची शर्करा चढावयाची. असा उपचार टाळता येत नाही. त्या दिवसांत इन्सुलिन वाढवून शर्करा वारंवार तपासावी लागते. कोविडपीडित गर्भिणींच्या अनेक देशांतील नोंदी एकत्र करून झालेल्या अभ्यासांत पूर्वसिद्ध मधुमेह, उच्च रक्तदाब आणि स्थूलता ही तीव्र आजाराची पूर्वलक्षणे ठरली. महाराष्ट्रातही वैद्यकीय महाविद्यालयांतील अशा स्त्रियांची ‘प्रेगकोविड’ या नावाने स्वतंत्र नोंद ठेवली गेली, ही समाधानाची गोष्ट होय.

गर्भिणींवर साथीचा विशेष रोष असतो हे मात्र त्याआधीच ज्ञात होते. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाने जूनमध्ये मुंबईत पाऊल ठेवले व सप्टेंबर-ऑक्टोबरात हाहाकार उडविला. अमेरिकेत हॅरिस यांनी त्या साथीतील १३५० गर्भिणींची माहिती जमवून १९१९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा २७ होते. १९५७ च्या साथीत तेथील मिनेसोटा राज्यात मृत्यू पावलेल्या प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्या गर्भवती होत्या. २००९ मध्ये पुण्यापासून देशभर चर्चा झालेल्या स्वाइन फ्ल्यूतही गर्भिणी व मधुमेही हे दोन्ही वर्ग अधिक धोक्यात असल्याचे जगभर दिसून आले. दोन्ही वर्गांत एकाच वेळी मोडणारी स्त्री मात्र या आकडेवाऱ्यांत क्वचितच वेगळी काढून दाखविलेली असते. ती कधी या स्तंभात मोजली जाते, कधी त्या.

या विषयाला एक उलटी बाजूही आहे. मातेला मधुमेह नसताना, केवळ विषाणूमुळे, पुढे अपत्याला मधुमेह होण्याचे उदाहरण रुबेला या रोगाने पुरविले. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ बालकांची हकीकत मांडली. त्यांतील बहुतेकांच्या मातांना गर्भावस्थेच्या आरंभी हा रोग होऊन गेला होता. विषाणू हाती लागला तो १९६२ मध्ये. त्या पिढीतील बालके मोठी झाल्यावर त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण विलक्षण अधिक असल्याचे ऑस्ट्रेलियातच १९७१ साली निदर्शनास आले. मोतीबिंदू जन्मतःच दिसला होता. मधुमेह तीस वर्षांनी दिसला.

‘रुबेला’ या नावाची जन्मकथा भाषाभ्यासकांनी ठाऊक करून घेण्याजोगी आहे. हेन्री व्हील या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्यांनी भारतातील एका शाळेत आलेल्या साथीचे वर्णन १८६६ साली प्रसिद्ध केले. रोगाचे नाव लिहिण्यास आखूड व उच्चारण्यास सुकर असावे, प्रचलित जर्मन नाव कानाला कठोर लागते, असे सांगून त्यांनी ‘किंचित तांबूस’ या अर्थाचे हे लॅटिन नाव सुचविले. त्यांचा सल्ला मराठीने ऐकला असता तर बरे झाले असते. आपण ‘जर्मन गोवर’ हे नाव उचलले. विशेषण आणि नाम अशी रचना दिसली की ऐकणारा विशेषणाचा अर्थ उपप्रकार असा करतो. त्यामुळे जर्मन गोवर म्हणजे गोवराचीच एक सौम्य जात, असा समज दृढ झाला. वस्तुतः दोन्ही विषाणूंची कुळे भिन्न आहेत. ‘लहानपणी गोवर येऊन गेला आहे’ या उत्तरावरून स्त्री रुबेलापासून सुरक्षित आहे किंवा नाही, हे मुळीच कळत नाही. भारतात गोवर-रुबेला या जोडलसीची देशव्यापी मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली व पंधरा वर्षांखालील मुलांना ती लस देण्यात आली. त्याआधी त्या वयापुढे गेलेल्या कित्येक स्त्रिया तिच्या कक्षेबाहेर राहिल्या आणि आज त्याच माता होत आहेत.

या ठिकाणी ‘लस’ या शब्दाकडे पुनश्च यावे लागते. रुबेलाच्या लशीत क्षीण केलेला परंतु जिवंत विषाणू असतो. ती गर्भावस्थेत देत नाहीत, आधी द्यावयाची असते व नंतर निदान महिनाभर गर्भधारणा टाळावयाची असते. याउलट इन्फ्ल्यूएंझाची टोचण्याची लस निष्क्रिय विषाणूपासून बनविलेली असून ती गर्भावस्थेच्या कोणत्याही महिन्यात देता येते; २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या लशीसाठी गर्भिणींना अग्रक्रम द्यावा असे सुचविले, आणि मधुमेही गर्भिणीला ती दुहेरी कारणाने योग्य ठरते. कोविडच्या लशीची मोहीम भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. गर्भिणींना ती घेण्याची मुभा मिळाली २ जुलै २०२१ रोजी. मधल्या साडेपाच महिन्यांत, ज्यांत दुसरी लाट येऊन गेली, ‘गरोदरपणी लस नको’ हे वाक्य घरोघरी पक्के झाले होते, आणि परवानगीनंतरही ते सहजासहजी हलले नाही. ते सर्व लशींना सारखेच लागू केले जाऊ लागले. पारिभाषिक पुस्तकांत ‘जिवंत लस’ व ‘मृत लस’ असा भेद आढळतो. दोन जिवांच्या स्त्रीपुढे ‘मृत’ हा शब्द उच्चारणे आपल्या समाजात अशुभ मानतात, आणि ‘जिवंत’ हा शब्द तिला स्वाभाविकपणेच हितकर वाटतो. म्हणजे जी द्यावयाची तिचे नाव भीतिदायक आणि जी टाळावयाची तिचे नाव आश्वासक. ‘निष्क्रिय लस’ हा पर्याय काही पत्रकांतून अलीकडे दिसू लागला आहे. परंतु निष्क्रिय म्हणजे निरुपयोगी, असा त्याचा बोलभाषेतील अर्थ अद्याप बलवत्तर आहे; आणि ‘गर्भावस्थेत चालणारी लस’ व ‘गर्भावस्थेत न चालणारी लस’ अशी लांबलचक पण कोणालाही समजणारी नावे वापरण्यास परिभाषाकार राजी नाहीत.